ब्लॉकेज ८० टक्के आहे, मग स्टेंट घालायचाच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे. चालताना छातीत आवळल्यासारखं होतं. ट्रेडमिल टेस्ट पॉझिटिव्ह आली. अँजिओग्राफीत उजव्या रक्तवाहिनीत ८० टक्के ब्लॉकेज निघालं, बाकीच्या वाहिन्या ठीक. इकोत हृदयाचं पंपिंग ६० टक्के, म्हणजे उत्तम. डॉक्टरांनी स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, सुचवला. तेवढ्यात ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं, ‘स्टेंटने आयुष्य वाढत नाही हे संशोधनात सिद्ध झालंय, करू नका.’ आता कोणाचं ऐकायचं?

दोघंही खोटं बोलत नाहीयेत. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, एवढंच. आणि हो, वीसेक वर्षं मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी आणि स्टेंट होतात त्या खोलीत, काढली आहेत, स्टेंट घालणं हे माझं रोजचं काम. माझा कल कुठे झुकू शकतो हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

पहिली गल्लत अटॅकची. हार्ट अटॅक येतो तेव्हा रक्तवाहिनी गुठळीने अचानक बंद पडते आणि हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. तिथे वाहिनी उघडण्याचा फायदा आता वादाचा राहिलेला नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत अटॅकचे १७,१८७ रुग्ण होते. काहींना ॲस्पिरिन, काहींना गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज, काहींना दोन्ही आणि काहींना दोन्हींच्या जागी नकली औषध. पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावलेले रुग्ण नकली औषधाच्या गटात १३.२ टक्के होते, दोन्ही औषधं मिळालेल्या गटात ८ टक्के. म्हणजे शंभरामागे पाच माणसं वाचली. पुढे अँजिओप्लास्टीने, म्हणजे नळी आत नेऊन फुग्याने किंवा स्टेंटने, वाहिनी थेट उघडणं हे या औषधांपेक्षाही सरस ठरलं, अर्थात वेळेत होणार असेल तर. तेव्हा ‘स्टेंटचा उपयोग नाही’ हे वाक्य अटॅकच्या रुग्णाला कोणी ऐकवत असेल तर ते घातक आहे.

तुमच्या वडिलांचं तसं नाही. चाललं की दुखतं, थांबलं की थांबतं, आणि तुमच्या लिहिण्यावरून तरी ते काही महिने तसंच आहे. याला आम्ही स्थिर अंजायना म्हणतो. वाद आहे तो सगळा इथला.

१९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जाग्या माणसाच्या हृदयाची रक्तवाहिनी पहिल्यांदा फुग्याने रुंद केली. १९८६ साली फ्रान्समध्ये पहिला स्टेंट बसला. तेव्हापासून आमच्या सगळ्या पिढीच्या डोक्यात एकच चित्र पक्कं झालं: नळ तुंबलाय, गाळ काढा, पाणी सुरू. रुग्णाला समजावायला याहून सोपं काही नाही. मीही हीच उपमा शेकडो वेळा वापरली आहे, आणि आता वापरत नाही.

कारण अटॅक असा येत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबीचा थर साचतो, त्यावर एक पापुद्रा असतो. पापुद्रा जाड असेल तर आतला थर वर्षानुवर्षं जागच्या जागी बसून राहतो. वाहिनी अरुंद होते, चालताना दुखतं, पण ती फुटत नाही. पापुद्रा पातळ आणि सुजलेला असेल तर तो एक दिवस फाटतो, आतला ऐवज रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत तिथे गुठळी धरते. हा फाटणारा थर पुष्कळदा अशा जागी असतो जिथे अँजिओग्राफीत जेमतेम ४०-५० टक्के अडथळा दिसला असता आणि कोणी स्टेंटचं नावही काढलं नसतं. स्टेंट असतो दोन-तीन सेंटिमीटरचा. आजार सगळ्या वाहिन्यांच्या भिंतींत पसरलेला. एका जागी जाळी बसवून दुसरीकडचा पापुद्रा फाटायचा थांबत नाही.

हे नुसतं तर्काने सांगून कोणाला पटलं नसतं. आमच्यातल्या अनेकांना पटलंही नव्हतं. २००७ साली करेज नावाची चाचणी आली. २,२८७ रुग्ण, सगळे स्थिर आजाराचे. निम्म्यांना नीट औषधं, निम्म्यांना औषधं अधिक अँजिओप्लास्टी. साडेचार वर्षांनी मृत्यू किंवा अटॅक स्टेंटच्या गटात १९ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात साडेअठरा. फरक शून्य. परिषदांमध्ये खूप आरडाओरडा झाला. रुग्ण आधीच अँजिओग्राफी करून निवडले, फार गंभीर रुग्ण वगळले गेले, स्टेंट जुन्या पद्धतीचे होते, असे आक्षेप निघाले. त्यातले काही रास्त होते.

मग इस्केमिया ही मोठी चाचणी झाली. ५,१७९ रुग्ण, ३७ देश, आणि निकाल २०२० साली छापून आला. इथे ट्रेडमिल किंवा तत्सम तपासणीत ज्यांचा दोष मध्यम ते तीव्र होता तेच घेतले होते, म्हणजे ‘सौम्य रुग्ण निवडले’ असं म्हणायची सोय ठेवली नव्हती. एका गटाला लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास. दुसऱ्या गटाला आधी औषधं, आणि औषधांनी भागलं नाही तरच प्रोसीजर. सुमारे सव्वातीन वर्षांच्या पाठपुराव्यात पहिल्या गटात १४५ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात १४४.

त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट आहे जी ‘करू नका’ म्हणणारे आणि ‘कराच’ म्हणणारे दोघंही सांगत नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत लगेच प्रोसीजर झालेल्या गटात त्रास जास्त होता: अटॅक, मृत्यू वगैरे मिळून ५.३ टक्के विरुद्ध ३.४. यातला मोठा वाटा प्रोसीजरच्या वेळीच झालेल्या लहान अटॅकचा. पुढे चित्र उलटलं आणि पाच वर्षांनी १६.४ विरुद्ध १८.२ झालं, तेही निश्चित म्हणावं इतकं नाही. त्या रुग्णांना पुढे आणखी काही वर्षं पाहिलं गेलं. सात वर्षांच्या हिशेबात एकूण मृत्यू जवळजवळ सारखेच होते, १२.७ आणि १३.४ टक्के. हृदयाच्या कारणाने झालेले मृत्यू प्रोसीजरच्या गटात थोडे कमी, इतर कारणांनी झालेले थोडे जास्त. याचा अर्थ काय लावायचा यावर आमच्यात अजून एकमत नाही.

म्हणजे तुमच्या ओळखीच्या माणसाचं बरोबर? आयुष्याच्या लांबीपुरतं, होय. पण तुमच्या वडिलांनी डॉक्टरांकडे तक्रार कसली नेली होती? ‘मी कमी जगेन’ अशी तर नव्हे. चालताना छाती आवळते, ही होती.

या तक्रारीवर स्टेंटचा उपयोग होतो का, हे तपासायला फार उशीर झाला, कारण त्याचं उत्तर सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. रुग्ण आत जाताना दुखतंय म्हणायचे, पंधरा दिवसांनी येऊन बरं वाटतंय म्हणायचे. याहून वेगळा पुरावा कशाला हवा? पण हा धडा हृदयरोगशास्त्राने आधी एकदा गिरवला होता. १९५०च्या दशकात अंजायनासाठी छातीतल्या दोन धमन्या बांधून टाकायची शस्त्रक्रिया चालायची. हृदयाकडे जास्त रक्त वळेल अशी कल्पना. रुग्णांना छान आराम पडायचा. १९५९ साली लेनर्ड कॉब यांनी १७ रुग्ण घेतले, काहींच्या धमन्या बांधल्या, काहींना फक्त छातीवर छेद देऊन शिवलं. आराम दोन्ही गटांना सारखाच पडला. शस्त्रक्रिया बंद झाली. अँजिओप्लास्टीची अशी परीक्षा घ्यायला मात्र ग्रुंट्झिगनंतर ४० वर्षं लागली.

ती घेतली लंडनमध्ये डॉ. रशा अल-लामी आणि सहकाऱ्यांनी, ऑर्बिटा चाचणीत. ही कशी केली ते जरा बारकाईने सांगतो, कारण यात मला संशोधनाची सगळी हिंमत दिसते. रुग्णांना आधी सहा आठवडे औषधं नीट बसवून दिली. मग सगळ्यांना कॅथलॅबच्या टेबलावर घेतलं. कानांवर हेडफोन, त्यात गाणी चालू, म्हणजे खोलीतलं बोलणं ऐकू येऊ नये. नळी हृदयापर्यंत नेऊन अँजिओग्राफी सगळ्यांची झाली. मग गुंगी दिली, आणि रुग्ण गाढ झाल्यावर चिठ्ठी निघाली: याला स्टेंट की काहीच नाही. ज्यांच्या वाट्याला ‘काहीच नाही’ आलं त्यांनाही किमान पंधरा मिनिटं टेबलावर तसंच ठेवलं, मग नळी काढली. बाहेर वॉर्डात ज्यांनी रुग्णाला ताब्यात घेतलं त्यांनाही आत काय झालं ते ठाऊक नव्हतं. अरुंद झालेली वाहिनी समोर पडद्यावर दिसत असताना, हातात वायर असताना, हात आवरून बसायचं. आमच्या धंद्यात हे किती अवघड आहे हे बाहेरच्याला कळणार नाही.

२०१७ साली निकाल आला. २०० रुग्ण. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ स्टेंटवाल्यांचा २८ सेकंदांनी वाढला होता, नुसतं टेबलावर झोपून आलेल्यांचा १२ सेकंदांनी. फरक सोळा-सतरा सेकंदांचा, योगायोगानेही पडू शकेल एवढा. इतक्या वर्षांत ‘डॉक्टर, आता जिने चढतो बघा’ म्हणून हात हातात घेतलेले माझे सगळे रुग्ण मला त्या संध्याकाळी आठवले. त्यांतल्या किती जणांना स्टेंटने बरं वाटलं आणि किती जणांना ‘काहीतरी झालं’ या दिलाशाने?

त्याच गटाने पुढे ऑर्बिटा-२ केली, निकाल २०२३ चा. या वेळी अंजायनाची औषधं बंद करून, म्हणजे स्टेंटला एकट्याला मैदानात उतरवून. ३०१ रुग्ण, १२ आठवडे, रोजच्या रोज मोबाइलवर दुखण्याची नोंद. आता मात्र स्टेंट जिंकला. ट्रेडमिलवरचा वेळ जवळजवळ एका मिनिटाने जास्त. दुखणं पूर्ण थांबलेले स्टेंटच्या गटात शंभरात ४०, नकली प्रोसीजरच्या गटात १५. म्हणजे स्टेंटने खरोखर आराम पडतो, तो निव्वळ मनाचा खेळ नाही. पण यातच दुसरी बाजूही आहे: स्टेंट घालूनही शंभरातल्या ६० जणांना काही ना काही दुखत राहिलंच. बारीक वाहिन्यांचा दोष असतो, वाहिनी आकसते, कधी ते दुखणं हृदयाचं नसतंच. डॉक्टर तुम्हाला ‘एकदा स्टेंट टाकला की विषय संपला’ म्हणत असतील तर हा आकडा आठवा.

इस्केमिया चाचणीतही दुखण्याचा हिशेब वेगळा ठेवला होता. ज्यांना सुरुवातीला रोज किंवा आठवड्यातून दुखायचं, त्यांच्यात वर्षाने पूर्ण बरे वाटणारे प्रोसीजरच्या गटात शंभरात ५०, औषधांच्या गटात २०. हा फायदा भरपूर आहे. ज्यांना मुळात दुखतच नव्हतं त्यांना काहीच मिळालं नाही, आणि असे लोक त्या चाचणीत तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्तच होते!

आता तुमच्या पत्राकडे येतो. त्यात ८० टक्के हा आकडा चार वेळा आलाय. वडिलांना किती पावलांवर दुखतं, आठवड्यातून किती वेळा, त्यापायी त्यांनी काय काय सोडलं, यातलं एकही नाही. यात तुमचा दोष नाही, तो आम्ही डॉक्टरांनी लावलेला नाद आहे. पूर्वी मी अँजिओची फिल्म नातेवाइकांसमोर चालवायचो आणि बरोबर अरुंद जागेवर थांबवायचो. चेहरे उतरायचे. ‘करून टाका, डॉक्टर.’ बोलणं संपलं. रुग्ण स्वतः अजून टेबलावरच असायचा, त्याला कोणी विचारलेलंच नसायचं. आता मी फिल्म शेवटी दाखवतो.

चित्र आणि माणूस यांची अशी फारकत फक्त स्टेंटमध्येच आहे असं नाही. अटॅकनंतर ईसीजीत जादा ठोके दिसले की मृत्यूचा धोका वाढतो, हे जुनं निरीक्षण. म्हणून ते ठोके दाबणारी औषधं सर्रास दिली जायची. ईसीजी अगदी स्वच्छ यायचा. १९८९ साली कास्ट चाचणीत तीच औषधं नकली गोळीशी ताडून पाहिली, तर औषध घेणाऱ्यांत मृत्यू दुपटीहून जास्त निघाले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. ईसीजी सुधारत होता, माणसं जात होती.

आकडे वाचताना एक काळजी घ्या. १९९४ च्या ४-एस चाचणीत ४,४४४ हृदयरुग्णांना साडेपाच वर्षांच्या आसपास स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) किंवा नकली गोळी दिली. नकली गोळीवर २५६ मृत्यू, स्टॅटिनवर १८२. याला ‘मृत्यू ३० टक्क्यांनी घटले’ असं म्हणता येतं, आणि ‘शंभरामागे तीनेक माणसं जास्त जगली’ असंही. दोन्ही खरं आहे. जाहिरातीत पहिलं वाक्य असतं. स्वतःचा निर्णय घेताना दुसरं विचारा. तरीही, स्थिर आजारात आयुष्य वाढवण्याच्या बाबतीत ही साधी गोळी स्टेंटच्या पुढे आहे, आणि लोक नेमकी तीच सोडतात. ‘अंग दुखतं’ म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर सॅमसन नावाची चाचणी झाली: काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब नकली गोळी, काही महिने काहीच नाही. स्टॅटिनवर जेवढा त्रास नोंदला गेला त्याच्या ९० टक्के त्रास नकली गोळीवरही होता. दुखणं खरंच होत होतं, पण ते बहुतांशी गोळीतल्या औषधाने नव्हे, ‘गोळी घेतोय’ या धास्तीने.

काही जागा अशा आहेत जिथे मी वर सांगितलेलं लागू नाही. डाव्या बाजूच्या मुख्य वाहिनीतच, जिथून पुढे दोन मोठ्या शाखा फुटतात, मोठा अडथळा असेल तर थांबू नये. असे रुग्ण इस्केमियात घेतलेच नव्हते. मधुमेह आणि दोन-तीन वाहिन्यांत आजार असेल तर बायपास स्टेंटपेक्षा सरस ठरते: २०१२ च्या फ्रीडम चाचणीत १,९०० मधुमेही होते, पाच वर्षांत मृत्यू स्टेंटच्या गटात १६.३ टक्के, बायपासच्या गटात १०.९. पंपिंग खूप कमी असलेल्यांचं गणित वेगळं, तिथेही स्टेंटने मृत्यू कमी होतील ही आमची अपेक्षा २०२२ मध्ये रिव्हाइव्ह्ड चाचणीत खोटी ठरली. तुमच्या वडिलांना यातलं काहीच नाही, म्हणून लांबण लावत नाही.

‘चाचणी सरासरी सांगते, माझे वडील म्हणजे सरासरी नव्हेत,’ असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण स्वतःच्या सोयीचा गट काढण्याच्या मोहाला मर्यादा नाही. आयसिस-२ च्या संशोधकांना नियतकालिकाने पोटगटांचा हिशेब मागितला तेव्हा त्यांनी तो दिला, आणि मुद्दाम राशींचाही दिला. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा फायदा नाही, असं निघालं होतं! आजही ओपीडीत कोणी ‘आमच्या घरात हे औषध चालत नाही’ म्हटलं की मला तो तक्ता आठवतो.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? वडिलांना अजून पुरेशी औषधं मिळालेलीच नाहीत असं दिसतंय. तुम्ही लिहिलेल्या यादीत ॲस्पिरिन आणि स्टॅटिनचा अगदी कमी डोस आहे, अंजायनाचं एकही औषध नाही. मी आधी डॉक्टरांना विचारलं असतं, की बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) किंवा तत्सम औषध सुरू करून, स्टॅटिनचा डोस वाढवून सहा-आठ आठवडे पाहता येईल का. सोबत रोजचं चालणं, दुखायला लागेल त्याच्या अलीकडे थांबून, हळूहळू अंतर वाढवत. तंबाखू असेल तर ती आजपासून बंद. दुखणं उठलं की घ्यायची जिभेखालची गोळी कायम खिशात, आणि ती कधी घ्यायची हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवं. थांबल्याने काही बिघडत नाही. इस्केमियात औषधांच्या गटातल्या साधारण पाचातल्या एकाला पुढे कधीतरी प्रोसीजर लागली, बाकीच्यांना तेवढ्या काळात लागली नाही, आणि थांबण्यापायी मृत्यू वाढले नाहीत.

आठ आठवड्यांनी वडील म्हणाले, ‘अजूनही कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबावं लागतं, मला हे नकोय,’ तर खुशाल स्टेंट घाला. त्यासाठी आयुष्य वाढवण्याची सबब लागत नाही; न दुखता चालता येणं हेच पुरेसं कारण आहे. घालण्याआधी वाहिनीतला दाब मोजून अडथळा खरोखर रक्त अडवतोय का ते पाहणार का, हे विचारा. बारीक तारेने ते टेबलावरच मोजता येतं. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या साधारण सहा महिने घ्याव्या लागतात, त्या काळात रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि दुसरी एखादी शस्त्रक्रिया ठरली असेल तर ती पुढे ढकलावी लागते. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर उद्याच सांगा.

आणि हे सगळं दुखणं स्थिर आहे तोवरच. बसल्या जागी दुखलं, झोपेतून उठवलं, आधीपेक्षा थोड्या चालण्याने दुखायला लागलं, किंवा जिभेखालची गोळी घेऊन पाच मिनिटांत थांबलं नाही, तर या उत्तरातलं एकही वाक्य लागू नाही. गाडी स्वतः चालवू नका, रुग्णवाहिका बोलवा आणि जिथे कॅथलॅब चोवीस तास सुरू असते तिथे न्या.